जुनी युरोपीय सेडान : खरेदी स्वस्त, सांभाळ महाग

नवी दिल्ली : एकेकाळी उच्च मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे प्रतीक मानल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्ब आणि फोक्सवॅगन जेट्टा या सेडान गाड्या आज जुन्या वाहनांच्या बाजारात अनेकदा वापरलेल्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत मिळतात. भक्कम बांधणी, महामार्गावरील स्थिरता, प्रशस्त सामानकक्ष आणि दमदार इंजिन यांमुळे अनेक कुटुंबांना हा व्यवहार फायद्याचा वाटतो. मात्र गाडीची किंमत घसरली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत त्या प्रमाणात घसरत नाही. खरेदीत वाचलेली रक्कम गिअरबॉक्सच्या एकाच दुरुस्तीत संपू शकते. त्यातच वाहनाचे वय, इंधन आणि नोंदणीचे ठिकाण यांविषयीचे नियम बदलत असल्याने हा हिशेब आता केवळ यांत्रिक राहिलेला नाही.

शेंद्र्याहून देशभर

भारतातील या गाड्यांचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. झेक प्रजासत्ताकातील स्कोडा कंपनीने २००१ मध्ये छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जवळील शेंद्रा येथील प्रकल्पातून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. या गाडीची दुसरी पिढी २००५ मध्ये आली, तेव्हा पहिली ऑक्टाव्हिया अद्याप विक्रीत असल्याने नव्या गाडीला भारतात ‘लॉरा’ हे नाव देण्यात आले. २०१३ मध्ये तिसऱ्या पिढीसोबत ऑक्टाव्हिया हे नाव परतले. बीएस-६ मानके लागू झाल्यावर २०२० मध्ये कंपनीने भारतातील डिझेल गाड्यांची विक्री थांबवली आणि २०२३ मध्ये ऑक्टाव्हियाची नियमित विक्रीही बंद झाली.

या गाड्यांचे बरेचसे भाग परदेशातून आणून येथे जोडले जात. त्यामुळे संपूर्ण देशी बनावटीच्या गाड्यांप्रमाणे स्वस्त स्थानिक भागांची साखळी त्यांच्यामागे उभी राहिली नाही. एक गोष्ट मात्र मालकांच्या पथ्यावर पडली. लॉरा, पाचव्या पिढीची जेट्टा आणि त्या काळातील ऑडी ए-३ यांचा मूळ सांगाडा एकच असल्याने त्यांचे अनेक यांत्रिक भाग समान आहेत. भागावरील क्रमांक जुळत असेल, तर तो स्कोडाच्या नावानेच विकत घेण्याची गरज नसते.

फियाट लिनियाचे उदाहरण याहून बोलके आहे. फियाटने भारतातील मोटारींची विक्री थांबवली. पण लिनियातील १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्येही होते. परिणामी इंजिनाचे भाग आजही तुलनेने सहज मिळतात. दिवे, दरवाजे किंवा बंपर मात्र शोधावे लागतात. जुनी गाडी घेताना कंपनी देशात आहे की नाही यापेक्षा तिचे इंजिन आणखी किती गाड्यांत बसवले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

खर्च कुठे दडलेला असतो

पहिला विषय टायमिंग बेल्टचा. स्कोडाच्या १.९ लिटर टीडीआय डिझेल इंजिनात हा पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या फिरण्याचा मेळ राखतो. तो तुटल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. पट्टा बदलण्याचे अंतर आणि कालावधी निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गाडी कमी धावली म्हणून हे काम पुढे ढकलणे धोक्याचे असते, कारण पट्ट्याचे रबर वयानेही जीर्ण होते. पट्ट्यासोबत टेन्शनर आणि वॉटर पंप बदलला, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. १.८ लिटर टीएसआय पेट्रोल इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी असते. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील टेन्शनर ही माहीत असलेली दुबळी बाजू आहे. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण येणारी खडखड त्यामुळेच दुर्लक्षित करू नये.

दुसरा आणि सर्वांत खर्चिक विषय डीएसजी स्वयंचलित गिअरबॉक्सचा. डिझेल गाड्यांतील सहा गिअरच्या प्रकारात क्लच तेलात बुडालेले असतात आणि त्याचे तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलणे अपेक्षित असते. पेट्रोल गाड्यांतील सात गिअरच्या डीक्यू-२०० प्रकारात क्लच कोरडे असतात. त्याचे नियंत्रण ‘मेकॅट्रॉनिक’ नावाचा विद्युत-हायड्रॉलिक संच करतो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरण्याची मोहीम घेतली. उष्ण व दमट हवामानात आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत कृत्रिम तेलामुळे विद्युत बिघाड होण्याची शक्यता हे त्यामागील कारण होते. भारतीय शहरांतील परिस्थिती नेमकी हीच असल्याने, खरेदीपूर्वी संबंधित गाडीचे हे काम झाले आहे का, याची खात्री करणे आवश्यक ठरते.

तिसरा विषय प्लास्टिक आणि रबराचा. थर्मोस्टॅटचे आवरण, वॉटर पंप, कूलंटच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश आणि इंजिन माउंटिंग हे भाग उष्णतेने व खड्ड्यांनी झिजतात. यांतील प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे किरकोळ असली, तरी दुर्लक्ष केल्यास गळणारा कूलंट इंजिन तापवतो आणि किरकोळ काम मोठे होते. निर्मात्याने सांगितलेल्या मानकाचेच इंजिन ऑइल व कूलंट वापरणे हा या गाड्यांच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त विमा होय.

भाग आणि कारागीर

अधिकृत सेवा केंद्राबाहेर दिल्लीचे कश्मिरी गेट, बेंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईचे पुदुपेट आणि मुंबईतील कुर्ला येथील बाजार नव्या-जुन्या सुट्या भागांसाठी परिचित आहेत. जुने भाग घेताना बिल आणि भागावरील क्रमांक तपासणे गरजेचे असते. बनावट किंवा चोरीच्या गाडीतून काढलेला भाग मालकाला अडचणीत आणू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व वाहनभागांवर वस्तू व सेवा कराचा १८ टक्के हा एकच दर लागू झाला आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के कर होता.

भागांइतकाच प्रश्न कारागिराचा आहे. या गाड्यांचा दोष शोधण्यासाठी फोक्सवॅगन समूहाच्या संगणकप्रणालीशी जुळणारा स्कॅनर आणि तो वाचण्याचे ज्ञान लागते. महानगरांत असे स्वतंत्र वर्कशॉप आढळतात. लहान शहरांत ते नसल्यास दोष न शोधताच एकामागून एक भाग बदलले जातात आणि खर्च वाढत जातो.

ठिकाणानुसार बदलणारे आयुष्य

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये, तर आयात चारचाकीसाठी ८०,००० रुपये झाले. नोंदणी प्रमाणपत्रात गाडी ‘आयात’ म्हणून दाखवली आहे का, हे त्यामुळे आधीच पाहिलेले बरे. काही राज्यांत पर्यावरण करही भरावा लागतो.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे चित्र वेगळे आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. बीएस-४ मानक दिल्लीसह काही प्रमुख शहरांत २०१० मध्ये, तर देशभरात २०१७ मध्ये लागू झाले. म्हणजेच बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन लॉरांपैकी २००९ ची गाडी या संरक्षणाबाहेर राहू शकते आणि २०११ ची आत येऊ शकते.

या अनिश्चिततेमुळे दिल्लीतील गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जातात. महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील खरेदीदाराने ना हरकत प्रमाणपत्र, पुनर्नोंदणी आणि त्या राज्याचा पथकर हे खर्च किमतीत मिळवूनच सौदा करावा.

इंधन आणि विमा

पेट्रोल गाड्यांसमोर २० टक्के इथेनॉलमिश्रित इंधनाचाही प्रश्न आहे. त्यासाठी रचना न झालेल्या जुन्या चारचाकींत इंधनकार्यक्षमता सुमारे ३ ते ६ टक्के कमी होऊ शकते आणि काही रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

विम्याचे गणित त्याहून कठोर आहे. दुरुस्तीचा खर्च घोषित विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेल्यास गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. मूल्य दोन लाख रुपये असेल, तर दीड लाखाच्या पुढील कोणतीही दुरुस्ती या मर्यादेत येते. पुराचे पाणी इंजिनात व विद्युत यंत्रणेत शिरल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जात असल्याने लहान दाव्यांतही मालकाच्या खिशाला झळ बसते.

निर्णय कसा घ्यावा

देखभालीची सलग नोंद असलेली, साध्या गिअरबॉक्सची डिझेल गाडी आणि नोंद नसलेली स्वयंचलित पेट्रोल गाडी यांची जोखीम सारखी नसते. खरेदीपूर्वी स्कॅनरने तपासणी, बेल्ट वा साखळीची स्थिती, गिअरबॉक्सच्या कामाची बिले, उत्सर्जन मानक आणि नोंदणीची मुदत या पाच गोष्टी पाहिल्यास मोठा धोका टळतो. खरेदीच्या रकमेखेरीज एका मोठ्या दुरुस्तीइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर कमी आकर्षक पण सोपी गाडी घेणेच शहाणपणाचे ठरते. ज्या कुटुंबाची ही एकच गाडी आहे आणि ज्याचे रोजचे जाणे-येणे तिच्यावर अवलंबून आहे, त्याने सुटा भाग येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहण्याचे दिवसही खर्चात धरावेत.