दीक्षेच्या बातमीत आधी कोणता आकडा वाचावा?

२०११च्या जनगणनेत देशातले जैन भरले ४४,५१,७५३, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम ०.३७ टक्के. त्यांच्यातले साधू-साध्वी दहा हजारांच्या वरच धरले जातात. दहा हजारच मोजले तरी साधारण साडेचारशे माणसांमागे एकाने संसार सोडलेला. ताडून पाहायला कॅथलिक चर्च घ्या. २०२२अखेर जगात सुमारे १३९ कोटी कॅथलिक, ४,०७,७३० धर्मगुरू आणि ५,९९,२२८ नन्स होत्या. तिथे हे प्रमाण चौदाशेच्या आसपास माणसांमागे एक पडतं.

तरी एखाद्या हुशार मुलाने दीक्षा घेतली की आपण चक्रावतो. २०१७ साली गुजरातेत बारावीला ९९च्या वर पर्सेंटाइल मिळवलेला १७ वर्षांचा मुलगा साधू झाला, पुढच्या वर्षी २४ वर्षांचा एक सीए. बातम्यांत ठळक होते ते पर्सेंटाइल आणि सोडलेल्या संपत्तीचे कोटी. पण त्याच २०११च्या जनगणनेत जैनांत पदवीधर २५.७ टक्के होते, देशात ५.६. जवळपास ८० टक्के जैन शहरांत राहतात. शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतूनच मुमुक्षू येणार. नाहीतर कुठून येणार?

निर्णयही एका रात्रीत होत नाही. चातुर्मासातली प्रवचनं, ४७ दिवसांचं उपधान तप, मग गुरूंबरोबर अनवाणी विहार. घरच्यांची संमती मिळाली की वरघोड्याची मिरवणूक, संपत्ती वाटून टाकणारं वर्षीदान आणि शेवटी हाती ओघा, म्हणजे साधूचा लोकरी कुंचा. शेजाऱ्यांना कळतं ते वरघोड्याच्या दिवशी, म्हणून त्यांना ते अचानक वाटतं. धक्का बसतो तो घराला. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन स्त्रियांचा जननदर १.२ होता, देशाचा २.२. एकुलत्या एका लेकाने किंवा लेकीने संसार सोडणं आणि पाच भावंडांतल्या एकाने सोडणं, यात आईबापांसाठी केवढं अंतर!

लेकीचं नाव मुद्दाम घेतलं. कल्पसूत्रात महावीरांच्या संघाची गणती १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी अशी आहे. परंपरेचा आकडा म्हणून तो सोडून दिला, तरी आजही एका साधूमागे ढोबळमानाने तीन साध्वी आहेत. पूर्वी त्यांत विधवा पुष्कळ असत. आता अविवाहित मुली जास्त. छायाचित्र मात्र छापून येतं ते सीए झालेल्या मुलाचं. संघातही मान उलटाच: श्वेतांबर परंपरेत पन्नास वर्षांच्या दीक्षापर्यायाची साध्वी कालच्या नवदीक्षित साधूला वंदन करते. पुणे जिल्ह्यातल्या चास-कमानच्या साध्वी चंदनाजी १९८७मध्ये आचार्य झाल्या, तो अपवाद.

खरा वाद आहे वयाचा. शास्त्राला आठ वर्षांचं मूल चालतं, आणि २०२३मध्ये सुरतेत आठ वर्षांच्या मुलीला दीक्षा दिलीही गेली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९३३मध्येच अल्पवयीनांच्या दीक्षेला कायद्याने बंदी घातली होती. संस्थान विलीन झालं, बंदीही गेली. १९५५च्या सुमारास मुंबई विधानसभेत तसंच विधेयक आलं. समाजातून मोठा विरोध झाला आणि त्याचा कायदा झाला नाही.

चोविशीतल्या सीएचा निर्णय त्याचा त्याला लखलाभ. आठ वर्षांच्या मुलीचा तो निर्णय म्हणताच येणार नाही. तेव्हा यापुढे दीक्षेची बातमी दिसली, तर सोडलेले कोटी नंतर वाचा, वय आधी वाचा.