फिटर निवृत्त होतो, मग जाहिरात निघते

आज सैन्यातल्या गणवेश नसलेल्या माणसांबद्दल बोलू. खडकी, आग्रा, जबलपूर, बेंगळुरू अशा ठिकाणी आर्मी बेस वर्कशॉप आहेत. तिथे लष्कराची वाहनं आणि उपकरणं पूर्ण उघडून दुरुस्त करतात आणि पुन्हा जोडतात. या कामात मोठा वाटा मुलकी कारागिरांचा असतो: फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन.

आम्ही अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. कारागीर तिथेच तीस-तीस वर्षं काढतो. गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून तो सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय. ही विद्या मॅन्युअलमध्ये नसते, शेजारी उभं राहूनच शिकावी लागते. भरती लांबली की शिकवणारा गेलेला असतो आणि शिकणारा आलेला नसतो. खरं नुकसान हे आहे.

उशीर कुठे होतो? लोक परीक्षेला दोष देतात. मला दिसलं ते असं, की वेळ परीक्षेच्या आधी आणि नंतर जातो. आधी मंजुरी, आरक्षणाचा रोस्टर, जाहिरात. नंतर कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी.

पण केंद्र सरकारी कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची जन्मतारीख पहिल्या दिवसापासून सेवापुस्तकात असते. म्हणजे पुढच्या वर्षी किती फिटर जाणार, हे आजच मोजता येतं. मग मंजुरी आणि रोस्टरचं काम वर्षभर आधी का सुरू करू नये?

काही दारं सरकारने उघडलीही आहेत. 1 जानेवारी 2016पासून केंद्राच्या गट क पदांसाठी मुलाखत बंद झाली. कौशल्य चाचणी घेता येते, ती फक्त उत्तीर्ण व्हायची असते. त्याच वर्षी आणखी एक सूचना निघाली: उमेदवाराकडून साक्षांकन फॉर्म आणि स्वयंघोषणा घेऊन तात्पुरतं नियुक्तिपत्र द्यावं, पोलीस पडताळणी मागाहून होऊ द्यावी. निवडलेला उमेदवार आलाच नाही, तर राखीव यादीतला पुढचा घेता येतो. ही यादी वेळेत केली, तर पुन्हा पहिल्यापासून जाहिरात काढावी लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कंत्राटावर घ्या! घाईच्या कामाला ते ठीक. पण उमादेवी खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नियमित निवडीशिवाय घेतलेल्या माणसाला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. आज ना उद्या जायचंच असेल, तर तो माणूस तीस वर्षांची विद्या कशासाठी शिकेल? सरकारी नोकरीत संधीची समानता हा घटनेच्या 16व्या कलमाने दिलेला हक्क आहे. त्यामुळे एकही पायरी गाळायची नाही. दोन पायऱ्यांमधला रिकामा वेळ तेवढा काढायचा.

शेवटी एक कामाची गोष्ट. घरात आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर ट्रेडचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आजच नावासकट तपासून ठेवा. ‘रोजगार समाचार’ दर आठवड्याला पाहा. सरकारी टेबलावरचा उशीर आपल्या हातात नाही, घरातल्या कागदांचा नक्कीच आहे. जय हिंद!