भिलाईच्या उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी

मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर, गादीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास अभ्यास करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे जरूर वाचावे.

लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगपेक्षा उष्णतेने लवकर थकते. आत ग्रॅफाइट आणि विद्युतद्राव यांच्यामध्ये एक पातळ थर असतो. तापमान वाढले की तो जाड होत जातो आणि उपयोगी लिथियम त्यात अडकून पडते. हे नुकसान भरून येत नाही. त्यातच बॅटरी १०० टक्के भरलेली असेल, तर प्रत्येक सेलवर ४.२ व्होल्टच्या आसपास ताण असतो आणि झीज आणखी वेगाने होते. म्हणून दिवसभर प्लग लावूनच काम करायचे असेल, तर सेटिंगमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवावी. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ही सोय असते.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो आता सोडून द्यावा.

लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर हवा. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. सुटीत महिनाभर गावी जाणार असाल, तर निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू किंवा टोचू नका. लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.