उन्हाळ्याचं वीजबिल फुगतं कसं?

इंदिरानगरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मे महिन्यात एकच सूर असतो: दर वाढले म्हणून बिल वाढलं. दर वाढतात हे खरंच आहे, पण हिशोब तिथे संपत नाही. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वरच्या टप्प्यात प्रत्येक युनिट महाग होतं. महिन्याला १५० युनिट लागणाऱ्या घरात दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला, तर तासाला साधारण एक युनिट धरून २४० युनिटांची भर पडते. वापर अडीच पटीहून थोडा जास्त होतो, रक्कम मात्र तिपटीच्या पुढे जाते. शिवाय सुरक्षा ठेव वार्षिक सरासरी वापरावर ठरते, त्यामुळे उन्हाळ्याची झळ पुढच्या वर्षीही लागते.

एसी थोड्याच घरांत आहे, मग बाकीच्यांना काय, असं कुणी म्हणेल. पण ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, ती उष्णतेच्या लाटेतच. अशा वेळी बाजारातली महाग वीज घ्यावी लागते आणि तो खर्च सगळ्यांच्याच बिलात उतरतो. सौरऊर्जा दिवसा मोठा आधार देते. अडचण रात्रीची आहे: सूर्य मावळतो, काँक्रीटचा स्लॅब मात्र तापलेलाच राहतो. म्हणून गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग आणि ७५ ऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, हे खर्च मला एसीच्या आधीचे वाटतात. डिसेंबरचं आणि मेचं बिल शेजारी ठेवा आणि आधी युनिट मोजा.