दोन राष्ट्रांमधील करार

दोन देशांत करार झाला, असे वृत्त आले की प्रश्न मिटला, अशी आपली समजूत होते. ती कितपत खरी आहे, हे पाहावयाचे तर प्रथम करारांचे प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत.

द्विपक्षीय करार म्हणजे दोनच राष्ट्रांनी परस्परांना दिलेले बंधनकारक वचन. त्यातील कलमे त्या दोघांच्या गरजेप्रमाणे बेतलेली असतात. बहुपक्षीय कराराचे तसे नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात दीडशेहून अधिक राष्ट्रे सामील आहेत. त्यांतील एखादे बाहेर पडले, तरी उरलेल्यांपुरता तो करार चालूच राहतो. दोघांच्या करारातून एक जण निघाला, तर मागे केवळ कागद उरतो. संयुक्त निवेदन किंवा सामंजस्यपत्र ही याहून निराळी रीत होय. त्यांत बहुधा हेतू प्रकट केलेला असतो. कायद्याचे बंधन पत्करलेले नसते. मात्र नुसत्या नावावरून निवाडा करू नये. ताश्कंद येथे १९६६ साली भारत व पाकिस्तान यांनी ज्यावर सह्या केल्या, त्याचे नाव ‘जाहीरनामा’ होते. परंतु २५ फेब्रुवारीपर्यंत सैन्ये मागे घ्यावयाची, असे तारीखवार कर्तव्य त्यात नमूद होते.

आता सही झाल्यावर काय होते, ते पाहू. बंगालमधील कुचबिहारच्या सीमेवर एका देशाच्या जमिनीचे तुकडे दुसऱ्या देशाच्या मुलखात बेटांसारखे विखुरलेले होते. त्यांना ‘छिटमहाल’ म्हणत. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात, तर बांगलादेशाचे ५१ भारतात होते. तेथील रहिवाशाला स्वतःच्या देशाची कचेरी गाठावयाची, तर परक्या देशाची हद्द ओलांडावी लागे; ज्या देशाने त्याला वेढले होते, त्याच्या लेखी तो परका.

या तुकड्यांची अदलाबदल करण्याचे नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांनी १९५८ सालीच ठरविले होते. त्याच समझोत्यात बेरुबारीच्या विभाजनाचाही प्रश्न होता. देशाची भूमी दुसऱ्यास देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला. घटनेत दुरुस्ती झाली, तरी प्रत्यक्ष अदलाबदल घडली नाही. पुढे बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनी सीमेविषयी नवा करार केला. बांगलादेशाने त्याला त्याच वर्षी संमती दिली. भारताची संमती मात्र राहून गेली.

सही आणि अनुसमर्थन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे येथे स्पष्ट होते. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार शासनाचा आहे आणि प्रत्येक करार संसदेपुढे नेणे आवश्यक नसते. परंतु जेथे भूमी द्यावयाची असते, तेथे संसदेवाचून चालत नाही. २०११ साली पूरक करार झाला. त्यापूर्वी दोन्ही देशांनी मिळून केलेल्या गणनेत या तुकड्यांतील लोकसंख्या ५१,५४९ भरली. अखेर मे २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती संमत केली, जूनमध्ये अनुसमर्थनाची पत्रे दिली-घेतली गेली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. कोणत्या देशाचे नागरिक व्हावयाचे, हे ठरविण्याची मुभा रहिवाशांना देण्यात आली. सहीपासून अंमलापर्यंत ४१ वर्षे लोटली होती. जी मुले त्या वर्षी जन्मली, ती चाळिशी ओलांडून नागरिक झाली.

तेव्हा यापुढे कराराचे वृत्त कानी आले, म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. यात बंधन आहे, की केवळ हेतू? अनुसमर्थन झाले आहे काय, आणि झाले नसल्यास ते कोणी करावयाचे आहे? कलमे अंमलात येण्याची मुदत कोणती? ही उत्तरे मिळाली, तरच झालेल्या कराराचे खरे मोल आपणांस समजेल.