खुर्चीवरचा सजदा

रमजानचा चंद्र दिसला की मोहल्ल्यातील मशिदीत तरावीहची लगबग सुरू होते. रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर होणारी ही जादा नमाज. उभे राहायचे, कमरेत वाकून रुकू करायचा, जमिनीवर माथा टेकून सजदा करायचा आणि पुन्हा उभे राहायचे, असा तिचा क्रम तास-दीड तास चालतो. शिंपीकाम करणारे साठीचे एक चाचा वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत असत. यंदाही त्यांनी पहिल्या रात्री हट्टाने तीच जागा घेतली. चौथ्या रकातीत सजद्यातून उठताना मशीद गरगर फिरली आणि चाचा शेजारच्याच्या अंगावर कोसळले.

त्याआधी चार महिन्यांपूर्वी, पहाटे वजू करताना त्यांना अशीच भोवळ आली होती. एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, पाऊल टाकता येईना. पित्त झाले असेल म्हणून घरच्यांनी लिंबूपाणी दिले, झोपवून ठेवले. दुपारी दवाखान्यात नेल्यावर कळले, लहान मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीने अडला होता. हा पक्षाघातच, पण हात लुळा पडलेला नाही, तोंड वाकडे नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या 4.5 तासांतच देता येते. ती वेळ लिंबूपाण्यात गेली होती.

चाचा वाचले, तोल मात्र गेला. उभे राहिले की होडीत उभे असल्यासारखे वाटे. बाजारात माणसांची ये-जा पाहिली तरी डोके फिरे. भेटायला येणारे म्हणत, “हात-पाय तर ठणठणीत आहेत, मग झालंय काय?” न दिसणाऱ्या दुखण्याचे हेच दुखणे असते. तरावीहमधला हट्ट त्यातूनच आला होता.

आपला तोल तीन साक्षीदारांवर उभा असतो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. या तिघांचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. त्याला इजा झाली की हा मेळ बिघडतो. अंधारात डोळ्यांची साक्ष मिळत नाही, म्हणून चक्कर वाढते. दिलासा एवढाच, की मेंदू पुन्हा शिकतो. पण त्याला शिकवावे लागते. अंथरुणाला खिळून राहिले तर तो शिकत नाही आणि एकदम तासभर उभे राहिले तर माणूस पडतो.

फिजिओथेरपिस्टने चाचांना नेमके हेच मधले अंतर दाखवले. भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून अर्धा मिनिट उभे राहायचे. जमू लागले की एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून. हातभर अंतरावर अंगठा धरायचा, नजर त्यावरून हलू न देता मान डावी-उजवीकडे वळवायची. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटे, घरातले कुणीतरी जवळ असताना. सुरुवातीला थोडे गरगरते. थोड्या वेळाने ते निवत असेल तर घाबरायचे कारण नाही. प्रत्येकाचे व्यायाम वेगळे असतात, म्हणून ते तपासून घेतल्याशिवाय करू नयेत.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी इमामसाहेब घरी आले. “चाचा, सवलत घेणं म्हणजे ईमान कमी होणं नव्हे,” ते म्हणाले. आजारी असलेल्या इम्रान बिन हुसैन या सोबत्याला पैगंबरांनी सांगितले होते, की उभे राहून नमाज पढावी, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून. ही हदीस सहीह बुखारीत आहे. रोजाचेही तसेच. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजांच्या आदेशासोबतच आजारी माणसाला सूट दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करता येतात. बरे होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालण्याचा फिदया आहे. या सवलतीला रुख्सत म्हणतात. ती अल्लाहनेच दिलेली आहे; ती नाकारण्यात कसला मोठेपणा?

डॉक्टरांनी यंदा चाचांना रोजे ठेवू दिले नाहीत. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तदाब उतरतो, चक्कर बळावते. शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चुकवून चालत नाही. ज्यांना डॉक्टरांनी रोजाची परवानगी दिली आहे, त्यांनीही गोळ्यांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. सहरीला अंधारात उठू नये. दिवा लावावा, खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसावे, मगच पाय टाकावेत. वजू स्टुलावर बसून करावा. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुणे तर टाळावेच.

हे पथ्य फक्त नमाजींसाठी नाही. पहाटे काकडआरतीला निघणाऱ्या आजोबांनाही ते तितकेच लागू आहे. आणि कुणालाही अचानक चक्कर येऊन चालता येईना, दोन-दोन दिसू लागले, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर लिंबूपाण्यात वेळ न घालवता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

चाचांची खुर्ची आता रांगेच्या टोकाला, खांबाजवळ असते. रुकूसाठी ते थोडे वाकतात, सजद्यासाठी त्याहून थोडे अधिक. पहिल्या दिवशी मान खाली घालून बसले होते. कुणी आपल्याकडे पाहत तर नाही ना, अशी धास्ती होती. कुणी पाहिले नाही. सलाम फेरल्यावर शेजारच्या मुलाने त्यांची काठी हातात दिली, एवढेच. ईदच्या नमाजला ईदगाहपर्यंत त्याच काठीने चालत जायचे, असे चाचांनी ठरवले आहे. म्हणून रोज अंगणात दहा पावले जास्त पडतात. अल्लाह त्यांना आणि अशा प्रत्येक रुग्णाला शिफा देवो, आमीन.