तोतया की मुखत्यार?

बँक, वाचनालय, महाविद्यालय, वीजमंडळ यांची पुष्कळशी कामे आता वेबवरून चालतात. प्रत्येक ग्राहकाचे तेथे एक खाते असते आणि खात्याला परवलीचा शब्द असतो. एखादे दिवशी सभासद फोन करून सांगतो, "मला अर्जाचे बटणच दिसत नाही." व्यवस्थापक आपल्या पडद्यावर पाहतो, तो बटण जागच्या जागी. यात कोणीच खोटे बोलत नसतो. व्यवस्थापकाचे अधिकार मोठे असल्यामुळे त्याला दिसणारे पान निराळे आणि सभासदाला दिसणारे निराळे. तेव्हा क्षणभर सभासदाच्या जागी बसून पाहावे, ही व्यवस्थापकाची मागणी रास्तच म्हटली पाहिजे. प्रश्न आहे तो बसावे कसे, हा.

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. एका पतसंस्थेत एका वृद्ध सभासदाच्या खात्यावरील वारसाचे नाव बदललेले आढळले. नोंद काढून पाहिली, तर बदल खुद्द सभासदानेच केलेला. ते गृहस्थ शपथेवर सांगत होते की, त्या दिवशी आपण संगणकाला हातही लावला नाही. घरच्या मंडळींना मात्र त्यांच्या स्मरणशक्तीविषयी शंका येऊ लागली. महिन्याभराने उलगडा झाला. त्यांच्याच विनंतीवरून पत्ता दुरुस्त करण्यासाठी एक कारकून त्यांच्या खात्यातून आत गेला होता आणि यादीत चुकीच्या ओळीवर त्याचे बोट पडले होते. कारकून प्रामाणिक, त्याला आठवले तसे त्याने सांगून टाकले. त्याला आठवले नसते तर? त्या यंत्रणेत प्रत्येक कृतीपुढे एकच नाव लिहिण्याची सोय होती, आणि ते नाव खातेदाराचे होते.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे सभासदाकडे परवलीचा शब्द मागणे. वस्तुतः नीट बांधलेल्या यंत्रणेत तो शब्द व्यवस्थापकालाही ठाऊक नसतो. साठवलेले असते ते त्या शब्दाचे गणिती रूप, ज्यावरून मूळ शब्द परत काढणे जवळजवळ अशक्य व्हावे अशी योजना असते. एवढी काळजी घेऊन मग फोनवर "तुमचा शब्द सांगा" म्हणायचे, म्हणजे तिजोरीला कुलूप घालून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यापैकीच. सर्व खात्यांना चालणारा एकच गुप्त शब्द ठेवणारेही महाभाग आहेत. तो फुटला की सर्वच खाती उघडी पडतात, आणि कोणी उघडली हे कळण्यास मार्ग उरत नाही.

खरा उपाय आपल्या सरकारी कचेरीत फार दिवसांपासून आहे. साहेब दौऱ्यावर असले की हाताखालचा अधिकारी पत्रावर "करिता" लिहून सही करतो. अधिकार साहेबांचा, सही आपली. कागदावर दोन्ही राहतात. संगणकशास्त्रातही ही कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकातील युनिक्स या प्रणालीत चालू कामाला खरा वापरकर्ता आणि प्रभावी वापरकर्ता अशा दोन ओळखी असत. १९८०च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात तयार झालेली 'सुडो' ही आज्ञा आजही जगभर वापरात आहे. सर्वाधिकाऱ्याच्या नावाने काम करू देण्यापूर्वी ती सामान्यतः काम करणाराचाच परवलीचा शब्द विचारते आणि कोणी काय केले ते नोंदवून ठेवते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका नियमपत्रात हाच भेद स्पष्ट केला आहे. एकात करणारा मूळ माणसाहून ओळखूच येत नाही. दुसऱ्यात करणाराची स्वतःची ओळख कायम राहते. पहिल्याला आम्ही तोतया म्हणू, दुसऱ्याला मुखत्यार. काम बहुधा मुखत्याराचे असते, आणि घाईत बांधला जातो तो तोतया.

"आम्ही फक्त पाहणार, करणार काही नाही," असे कोणी म्हणेल. फेसबुकचा अनुभव येथे बोलका आहे. आपले पान दुसऱ्या माणसाला कसे दिसते ते पाहण्याची एक सोय त्या कंपनीने दिली होती. तीही केवळ पाहण्यापुरतीच होती. परंतु वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिण्याच्या एका चौकटीत चलच्चित्र चढवण्याचे साधन चुकून राहिले. जुलै २०१७ मध्ये त्या साधनाची नवी आवृत्ती आली आणि ती प्रवेशाची किल्ली तयार करू लागली. तीही पाहणाराच्या नावाची नव्हे, तर ज्याच्या नजरेतून पाहायचे त्याच्या नावाची. सप्टेंबर २०१८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला, तोवर चोरांनी सुमारे तीन कोटी खात्यांच्या किल्ल्या लांबवल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या विदासंरक्षण आयोगाने कंपनीला या प्रकरणी २५.१ कोटी युरो दंड केला. तीन निरनिराळ्या चुका एकत्र आल्या तेव्हा हे घडले. एकटी कोणतीच एवढी घातक नव्हती.

शिवाय निव्वळ पाहण्यानेही खुणा उमटतात. सभासदाच्या नावाने पान उघडताच न वाचलेला निरोप वाचलेला ठरतो, शेवटच्या भेटीची वेळ बदलते. यंत्राने हेही थांबवले पाहिजे.

मग व्यवस्था कशी असावी? दुसऱ्याच्या नावाने आत जाण्याचा अधिकार सर्व व्यवस्थापकांना न देता मोजक्यांनाच, आणि तोही वेगळा नोंदवून द्यावा. आत जाताना तक्रारीचा क्रमांक व कारण लिहावेच लागावे. आपल्याहून मोठा अधिकार असलेल्या खात्यात शिरण्यास सक्त मज्जाव हवा, नाहीतर धाकटा कारकून दोन पावलांत सर्वाधिकारी होऊन बसेल. परवलीचा शब्द, वारस, पैसे पाठवणे या गोष्टी त्या अवस्थेत बंदच असाव्यात. मुदत थोड्या मिनिटांची. पानाच्या माथ्यावर ठळक पट्टी सतत दिसावी: आपण अमुक, सध्या तमुकाच्या खात्यात आहात. ही पट्टी अनेकांना शोभेची वाटते. पण अमरू राजाच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांनाही मुदत उलटल्याचे भान राहिले नाही, शिष्यांना जाऊन आठवण द्यावी लागली, अशी कथा आहे. मग दुपारी चार वाजता सतरावी तक्रार निपटणाऱ्या कारकुनाची काय कथा! आणि नोंदवही अशा ठिकाणी असावी की, ज्यांची नावे तीत येतात त्यांना ती खोडता येऊ नये.

सभासदाला कळवावे की नाही, यावर मतभेद आहेत. लोक घाबरतील, उगाच फोन वाढतील, असे व्यवस्थापक म्हणतात. आमचे मत कळवावे असेच आहे. वर सांगितलेल्या पतसंस्थेने पुढे दुसऱ्या नावाचा रकाना घातला आणि आत जाताच सभासदाला निरोप जाईल अशी सोय केली. पहिल्याच आठवड्यात त्या वृद्ध गृहस्थांचा फोन आला: मंगळवारी माझे पान कोणी उघडले? नोंदीत कारकुनाचे नाव, वेळ आणि कारण होते. व्याजाच्या दाखल्याविषयी त्यांनी स्वतःच सोमवारी केलेली तक्रार होती ती. "हो, हो, केली होती खरी," असे म्हणून त्यांनी दाखला मिळाल्याचे सांगितले आणि फोन ठेवला.